हस्तर कोणाचा? एका नावाचा प्रवास



मागच्या व्याख्यानात आपण नाव आणि वस्तू यांच्या संबंधाबद्दल बोललो. उदाहरणं आमच्या सवयीप्रमाणे जुनीच होती: घट, पट, देवदत्त. व्याख्यान संपलं, मंडळी चहाकडे वळली आणि मागच्या रांगेतला एक तरुण आमच्याजवळ आला. म्हणाला, "सर, घट-पट ठीक आहे. पण हस्तरचं काय? तो खरंच आपल्या पुराणात आहे का?"

त्याची अडचण अशी होती. 'तुंबाड' हा चित्रपट त्याने पाहिला होता. त्यात हस्तर नावाचा एक लोभी देव आहे. मग मोबाईलवर एक खेळ खेळताना त्यातही हस्तर निघाला, पिवळ्या झग्यातला, आठ पायांच्या माशासारखे हात असलेला. धाकटी बहीण जपानी ॲनिमे बघते, त्यातही त्याच नावाचा एक गोरागोमटा, लाजाळू मुलगा. आणि फोनवर येणाऱ्या व्हिडिओंमध्ये छातीठोकपणे सांगितलेलं की हस्तर हा प्राचीन हिंदू देव असून त्याची कथा मुद्दाम दडपली गेली. "हे सगळे एकच का, सर?" असं त्याने विचारलं.

आता कबूल करायला हवं. आम्ही तेव्हा 'तुंबाड' पाहिलेला नव्हता. तरीही, पस्तीसेक वर्षं शिकवल्याची खोड म्हणा, आम्ही म्हणून गेलो, "असेल एखाद्या उपपुराणात, पुराणं पुष्कळ आहेत." पोरगा समाधानाने गेला. आम्हाला मात्र रात्री झोप लागेना. जे ठाऊक नाही ते 'असेल' म्हणून सांगणं, आणि तेही शिक्षकाच्या तोंडून, म्हणजे काय होतं? त्या व्हिडिओवाल्यांच्या साखळीत आपणही एक कडी होऊन बसलो. आजचं व्याख्यान ही त्या चुकीची परतफेड समजा.

दुसऱ्या दिवशी आम्ही आधी कपाटातला सिद्धेश्वरशास्त्री चित्रावांचा प्राचीन चरित्रकोश काढला. त्यात हस्ती नावाचा राजा आहे, ज्याच्यावरून हस्तिनापूर. हस्तर नाही. मग चित्रपट पाहिला, मग नातवाला शेजारी बसवून बाकीचं शोधलं. जे हाती आलं ते क्रमाने सांगतो.

या नावाचं बारसं झालं अमेरिकेत, १८९१ साली. ॲम्ब्रोज बिअर्स नावाच्या लेखकाने हायटा नावाच्या मेंढपाळाची एक छोटी कथा लिहिली. त्या मेंढपाळाचा देव म्हणजे 'हॅस्टर'. भयंकर वगैरे काही नाही. मेंढरं राखणाऱ्यांचा सौम्य देव, आपल्याकडच्या एखाद्या रानदेवासारखा. चार वर्षांनी, १८९५ साली, रॉबर्ट चेंबर्सचा 'द किंग इन यलो' हा कथासंग्रह आला. चेंबर्सने बिअर्सकडून काही नावं उचलली, त्यात हेही होतं. पण त्याच्याकडे हे नाव एका कथेत चक्क एका नोकराचं आहे, आणि दुसरीकडे ते एखाद्या जागेचं असावं असं वाटतं. म्हणजे देवाचा नोकर झाला, आणि जागाही झाला!

पुढे १९३१ साली एच. पी. लव्हक्राफ्टने एका कथेत गूढ नावांची एक यादी दिली, तिच्यात हे नाव टाकलं. देव, गाव की माणूस, याचा खुलासा त्याने केला नाही. त्याला नावाचा नाद पुरेसा होता. खुलासा केला त्याच्या चाहत्याने, ऑगस्ट डर्लेथने. १९३९ च्या कथेपासून हॅस्टर हा एक महाभयंकर प्राचीन देव झाला आणि त्याला इंग्रजीत एक बिरुद चिकटलं. त्या बिरुदाचे मराठीत दोन अर्थ होतात. एक, 'अवर्णनीय', म्हणजे शब्दांत सांगता येऊ नये इतका भयंकर. दुसरा, 'अनुच्चार्य', म्हणजे ज्याचं नाव तोंडाने घेऊ नये. हा फरक ध्यानात ठेवा, कारण पुढची सगळी गंमत त्याच्यावर आहे.

१९८० साली 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या फाशांच्या खेळाच्या एका पुस्तकात या देवाला जागा मिळाली. तिथे दुसरा अर्थ अगदी शब्दशः घेतला गेला: नाव उच्चारलं तर संकट ओढवू शकतं. खेळाचा नियमच तो. त्यातून पुढे इंटरनेटवरची दंतकथा निघाली, की हे नाव तीनदा घेतलं तर तो येतो. मंडळी नाव दोनदा लिहितात आणि तिसऱ्यांदा अर्ध्यावर वाक्य तोडून टाकतात, जणू लिहिणाऱ्याला उचलून नेलं! आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही. रात्री सापाला साप न म्हणता 'जनावर' म्हणणारी आणि अंगावर फोड उठले तर 'देवी आल्या' म्हणणारी आपली आजी हेच करत होती. नावात वस्तूला बोलावण्याची ताकद आहे, ही समजूत फार जुनी आणि सगळीकडची आहे.

मग जपानमध्ये 'न्यारुको' नावाच्या विनोदी कथामालेवर २०१२ साली ॲनिमे निघाला. लव्हक्राफ्टच्या सगळ्या भयंकर देवांना शाळकरी पोरंपोरी करून टाकणं, हाच त्यातला विनोद. तिथे याचं नाव 'हासुता'. जपानीत मुलांच्या नावांच्या शेवटी जे 'ता' लागतं, ते लिपीचिन्ह वापरून हे नाव लिहिलंय. आपण सदाशिवाचा 'सदू' करावा तसं! आणि २०१८ साली आलेल्या 'आयडेंटिटी व्ही' या चिनी कंपनीच्या मोबाईल खेळात तो शिकारी आहे. त्याच्या अंगावरचा पिवळा झगा मात्र त्याचा स्वतःचा नव्हे. तो चेंबर्सच्या 'पिवळ्या राजा'चा. चेंबर्सकडे पिवळा राजा वेगळा आणि हे नाव वेगळं. नंतरच्या लोकांनी एकाचा झगा काढून दुसऱ्याच्या अंगावर घातला.

आता आपल्याकडे या. १९८५ साली स्टीफन किंगचा 'स्केलेटन क्रू' हा संग्रह आला. त्यात 'ग्रॅमा' म्हणजे आजी नावाची कथा आहे. एक मुलगा घरात एकटा, आणि सोबत अंथरुणाला खिळलेली, चेटूक करणारी आजी. ती उठते, तेव्हा त्याला सांगितलं जातं की हॅस्टरच्या नावाने तिला आडवी व्हायला सांग. किंगने नाव घेतलं लव्हक्राफ्टच्या परंपरेतून, हे उघड आहे. ही कथा मराठीत आणली नारायण धारपांनी, 'आजी' या नावाने. आणि ती गोष्ट १९९३ साली एका मित्राने राही अनिल बर्वे यांना सांगितली. कुठे, तर नागझिऱ्याच्या अभयारण्यात! तेव्हा तो सगळा भाग भंडारा जिल्ह्यात होता, गोंदिया जिल्हा १९९९ साली झाला. म्हणजे आपल्या नागपूरहून दोन-अडीच तासांच्या वाटेवर. तिथे घाबरलेल्या त्या मुलाने मोठा होऊन जो चित्रपट केला तो 'तुंबाड'. १२ ऑक्टोबर २०१८ ला तो आला, आणि २०२४ साली पुन्हा चित्रपटगृहांत लागला तेव्हा आमच्या या तरुण मित्राच्या पिढीने तो डोक्यावर घेतला.

चित्रपटात राक्षसी झालेल्या म्हातारीला झोपवायचं तर हस्तरच्या नावाचा धाक घालतात. आता ध्यानात घ्या. इंटरनेटच्या दंतकथेत नाव घेतलं की संकट येतं, आणि 'तुंबाड'मध्ये नाव घेतलं की संकट झोपतं. नाव तेच आणि काम अगदी उलटं. पण किंगच्या कथेत नाव जे काम करत होतं तेच इथे करतं. म्हणून आपण खात्रीने म्हणू शकतो की कोकणातला हस्तर जपानहून आला नाही, खेळातूनही आला नाही. तो किंग आणि धारप या वाटेने आला. नावासोबत त्याची रीतही प्रवास करून आली.

इथवर इतिहास झाला. आता तत्त्वज्ञानाकडे येऊ, कारण प्रश्न 'हे सगळे एकच का?' असा होता.

आपल्याकडे शब्द आणि अर्थ यांच्या नात्याबद्दल मीमांसक आणि नैयायिक यांचा मोठा वाद आहे. मीमांसक म्हणतात, हे नातं नित्य आहे, कोणी केलेलं नाही. नैयायिक म्हणतात, हा संकेत आहे. कोणीतरी ठरवलं की या शब्दाने ही वस्तू ओळखावी. विशेषनामांच्या बाबतीत नैयायिकांची बाजू आपल्याला चटकन पटते. बाराव्या दिवशी पाळण्याशी जमून आपण तेच तर करतो. विसाव्या शतकात अमेरिकन तत्त्वज्ञ सॉल क्रिपके याने जवळपास हीच गोष्ट नव्याने मांडली. जानेवारी १९७० मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठात त्याने हातात लिहिलेलं काही न घेता तीन व्याख्यानं दिली. त्यांच्या ध्वनिमुद्रणावरून पुढे 'नेमिंग अँड नेसेसिटी' हे पुस्तक झालं. आपली ही मालिकाही बोललेलं उतरवून काढते, त्यामुळे ही आठवण आम्हाला आवडते!

क्रिपकेचं म्हणणं असं. नाव म्हणजे वर्णनांची गाठोडी नव्हे. आधी बारसं होतं. मग नाव एका तोंडातून दुसऱ्या तोंडात जातं, आणि प्रत्येक घेणारा 'ज्याच्याकडून घेतलं त्याच्याच अर्थाने मी वापरतो' असं मनात धरतो. ही साखळी अखंड असेल तर नाव मूळच्या व्यक्तीलाच लागतं, आपली माहिती अर्धवट असो वा चुकीची. ज्ञानेश्वरांबद्दल एखाद्याला फक्त 'भिंत चालवली' एवढंच ठाऊक असेल, तरी तो ज्ञानेश्वरांबद्दलच बोलतो.

मग साखळी असूनही वस्तू बदलू शकते का? गॅरेथ इव्हान्स या ब्रिटिश तत्त्वज्ञाने १९७३ साली मादागास्करचं उदाहरण दिलं. ते नाव मुळात आफ्रिकेच्या मुख्य भूमीवरच्या एका भागाचं. मार्को पोलोच्या गैरसमजामुळे ते बेटाला लागलं. मार्को पोलोचा हेतू प्रामाणिक होता, साखळी तुटली नव्हती, तरी वस्तू बदलली. आज मादागास्कर म्हटलं की बेटच.

हस्तरचं तेच झालं, आणि एकदा नव्हे, सात-आठदा. फरक एवढाच की मादागास्करला दोन्ही टोकांना जमीन होती, हस्तरला एकाही टोकाला काही नाही. मग जो नाहीच, त्याचं नाव कशाला लागतं? आपले आचार्य यासाठी सशाचं शिंग आणि वंध्येचा पुत्र ही उदाहरणं वापरत. भर्तृहरीने यावर फार सुंदर तोड काढली. बाहेरच्या जगातली सत्ता वेगळी आणि शब्दामुळे बुद्धीत उभी राहणारी सत्ता वेगळी. दुसरीला तो उपचारसत्ता म्हणतो. शब्दाला आपलं काम करायला ही दुसरी सत्ता पुरते. सशाच्या शिंगाबद्दल आपण बोलू शकतो, ते नाही असंही म्हणू शकतो, ते याचमुळे.

हे मान्य केलं की तरुण मित्राचा प्रश्न सुटतो. मेंढपाळांचा हॅस्टर, डर्लेथचा राक्षस, हासुता, पिवळ्या झग्यातला शिकारी आणि तुंबाडचा हस्तर हे एक नाहीत. कारण प्रत्येकाला वेगळ्या माणसाने, वेगळ्या कामासाठी उभं केलं. पण ते एकमेकांना परकेही नाहीत. चित्रपटातल्या मुलाचं नाव पांडुरंग आहे आणि पंढरपूरच्या देवाचंही. म्हणून त्या दोघांचा घोळ कोणी करत नाही. हस्तरांचं नातं तितकं सैल नाही. वारसाने नाव आलंय, पण जमीनजुमला आला नाही, असं हे नातं आहे.

म्हणून असं सामाईक नाव समोर आलं की आपण तीन प्रश्न विचारावेत. हे नाव पहिल्यांदा कोणी ठेवलं? कोणाकोणाच्या हातून ते आपल्यापर्यंत आलं? आणि नावासोबत काय आलं: नुसता नाद, की रूप, की रीत? जपानला नाद आणि थट्टा गेली. चिनी खेळाला रूप गेलं. आपल्याकडे रीत आली.

आता पुराणाच्या दाव्याकडे. तो इतका पटतो का? एक कारण कानाचं. हस्तर आपल्याला परका वाटतच नाही. हस्त नक्षत्र, हस्ताचा पाऊस, अस्तर, या सगळ्यांच्या शेजारी तो खपून जातो. इंग्रजी 'हॅस्टर'चा 'हस्तर' झाला आणि कागदपत्रांशिवाय नागरिकत्व मिळालं. दुसरं कारण चित्रपटाच्या कथेत आहे. तिथे समृद्धीच्या देवीचा हा पहिला मुलगा. सोनं घेतलं, धान्याकडे वळला, तेव्हा बाकीचे देव तुटून पडले. आईने वाचवलं, पण अटीवर: त्याची पूजा होणार नाही, तो विसरला जाईल. आता बघा, ज्या देवाची कथाच 'तो पोथ्यांतून पुसला गेला' अशी आहे, त्याचा पोथीत उल्लेख न सापडणं हाच पुरावा ठरतो! भाट्ट मीमांसेत अनुपलब्धी म्हणजे न दिसणं हे नसल्याचं प्रमाण मानतात. इथे ते असल्याचं प्रमाण झालं. कथेत हे चालतं, चालायलाच हवं. कथेबाहेर हीच युक्ती वापरली तर कोणतीही गोष्ट सिद्ध करता येईल.

यात काय बिघडलं, असं कोणी म्हणेल. चित्रपटातल्या देवाबद्दल बोलताना फार नाही बिघडत. पण 'नोंद सापडत नाही म्हणजे दडपली' हे एकदा अंगवळणी पडलं की उद्या तेच वाक्य एखाद्या जागेबद्दल, एखाद्या जातीबद्दल, शेजारच्या माणसाच्या आजोबांबद्दल येईल. तेव्हा 'असेल, सर म्हणाले' एवढं पुरेल. त्या रात्री आमची झोप उडाली ती यामुळे.

तुलनेला आपल्या गावचं उदाहरण घेऊ. तान्ह्या पोळ्याला नागपुरात मारबती निघतात. काळी मारबत १८८१ पासून आणि पिवळी १८८५ पासून, असं सांगतात. काळी कोण? कोणी पूतना म्हणतं, कोणी इंग्रजांना मिळाल्याचा ठपका असलेल्या भोसल्यांच्या बाकाबाईंशी जोडतं. एका नावाला दोन कथा आहेत. तरीही मारबत भरकटत नाही. कारण ते नाव नुसतं तोंडात नाही. ठराविक दिवस आहे, ठराविक वस्त्या आहेत, मूर्ती घडवणारी घराणी आहेत, रोगराई घेऊन जा म्हणून ओरडणारी गर्दी आहे, शेवटी दहन आहे. बडग्यांवर दर वर्षी महागाई नाहीतर भ्रष्टाचार नव्याने चढतो, तरी चौकट तीच. परंपरा म्हणजे नुसतं जुनं नाव नव्हे. नावाला धरून ठेवणारी माणसांची कृती म्हणजे परंपरा. हस्तरला अशी कृती कुठल्याही गावात नाही.

गेल्या आठवड्यात आम्ही त्या तरुणाला फोन करून हे सगळं सांगितलं. आधी माफी मागितली. तो गप्प झाला, मग म्हणाला, "म्हणजे सगळं खोटंच का, सर?" आवाजात निराशा होती. खरं सांगायचं तर त्याला उत्तर देताना आमची जास्त कसोटी लागली.

आम्ही म्हणालो, नाही. नाव परकं आहे, पण हस्तर आपला आहे. तुंबाड हे गाव खरं आहे, रत्नागिरी जिल्ह्यात, जगबुडी नदीकाठी. श्री. ना. पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत'ने १९८७ साली ते मराठी वाचकांच्या मनात वसवलं. चित्रपटाने तिथे एक कुजका वाडा उभा केला, १९१८ पासून १९४७ पर्यंतचा काळ घेतला, पिठाची बाहुली आणली, नाण्यांसाठी विहिरीतून त्या गर्भात उतरणारा बाप आणला, आणि त्याच्याकडून तेच शिकणारा मुलगा आणला. हव्यास वारशाने कसा जातो, ही गोष्ट अमेरिकेतल्या त्या आजीच्या कथेत नव्हती. ती इथे आली. एखादी गोष्ट आपली होते ती तिच्या जन्मदाखल्यामुळे नव्हे, तिच्यावर आपण काय मेहनत केली त्यामुळे.

आणि हेच नारायण धारपांनाही लागू आहे. आम्ही वर्गात त्यांचं नाव कधी घेतलं नाही. वाचनालयातून फाटेस्तोवर वाचली जाणारी त्यांची पुस्तकं 'परक्या कथांवरून बेतलेली' म्हणून आम्ही बाजूला सारली. परक्या कथेवरून बेतलं असेल तर तसं म्हणावं, किंगचं श्रेय किंगला द्यावं. पण ती गोष्ट मराठीत कोणी आणलीच नसती, तर नागझिऱ्याच्या काळोखात त्या मुलाला ऐकवायला काय उरलं असतं? साखळीतल्या मधल्या कडीला कोणी विचारत नाही. पण ती तुटली तर पुढचं काही पोचत नाही.

"मग व्हिडिओत लिहू का हे?" त्याने विचारलं. आम्ही म्हटलं, लिही, पण नाव कुठून आलं ते क्रमाने लिही, आणि आम्ही चुकीचं सांगितलं होतं तेही लिही. तो हसला. म्हणाला, "ते नाही लिहिणार, सर." म्हणून ते आम्ही इथे, तुमच्यासमोर सांगून टाकलं.

पुढच्या वेळी आपण अनुपलब्धी हे प्रमाण नीट समजून घेऊ. न दिसणं आणि नसणं यांत अंतर किती, हे भाट्ट मीमांसक आणि नैयायिक कसं ठरवतात ते बघू. प्रश्न असतील तर अवश्य विचारा. आणि उत्तर ठाऊक नसेल तर आम्ही तसं सांगू, एवढं आश्वासन देतो.